दोन पेट्या, पाच गड्ड्या

शंभराला ठमाबाई कधी शंभर म्हणायची नाही. पाच ईस म्हणायची. नव्वद म्हणजे चार ईस नि दहा, सदुसष्ट म्हणजे तीन ईस नि सात. वय विचारलं तर म्हणायची, "तीन ईस भरल्यात, वरचं तू धर." कऱ्हाटीच्या शिवारात तिच्या वारगीच्या सगळ्याच बाया एके काळी असं मोजायच्या, शेळ्या असोत, भाकरी असोत, नाहीतर गोवऱ्या. हाताची दहा, पायाची दहा, माणूस संपलं की एक ईस. बाकीच्या बायांचं हे मोजणं नातवंडं शाळेला जायला लागल्यावर मोडलं. ठमाबाईचं मोडलं नाही, त्याला कारण गुलाब.

बारा वर्षांखाली महिपतरावांनी एकरभर ऊस काढून पॉलिहाऊस उभं केलं आणि त्यात डच गुलाब लावला. बाजाराचा नियम असा की वीस फुलांची एक गड्डी आणि वीस गड्ड्यांची एक पेटी. पहिल्या दिवशी महिपतरावांनी बायांना गोळा करून हे समजावून सांगितलं. पेटीत चारशे, अर्ध्या पेटीत दोनशे, सतरा गड्ड्या झाल्या तर तीनशे चाळीस. बायांचे चेहरे बघून त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ठमाबाई मशेरी घासत उभी होती. बाहेर जाऊन थुंकून आली नि म्हणाली, "आबा, ह्यात नवं काय हाय ते तेवढं सांगा. ईस ईस तर म्हणताय."

त्या दिवसापासून शेडच्या दाराजवळचं टेबल नि त्यापुढचं स्टूल तिचं झालं. बाया फुलं तोडून बादल्यांतून आणायच्या, ठमाबाई दांड्यांची लांबी बघून लावायची, पाचपाच फुलं चार वेळा उचलायची, रबर चढवायची, गड्डी बाजूला. मध्ये कुणी बोललं तरी ती उत्तर द्यायची, वर एखादी शिवीही द्यायची, पण हातातला आकडा कधी सांडला नाही. शेवटची पेटी बांधली की तोंडानं एकदाच सांगायची, "तीन पेट्या, चौदा गड्ड्या, सुटी सात." महिपतराव त्याचा हिशेब वहीत करून घ्यायचे. पुण्याच्या फूलबाजारातला त्यांचा व्यापारी आधी प्रत्येक पेटी फोडून मोजायचा. वर्षभरात त्यानं ते सोडलं.

मान मोडलेलं फूल बाजारात चालत नाही. असली फुलं बाया डोक्यात घालून घरी जायच्या. ठमाबाईनं बारा वर्षांत एकही घातलं नाही. सारजा नावाची तोडणीतली बाई होती, ती तिला चिडवायची, म्हणायची की ठमाक्का, तुझा नवरा वर गेला म्हणून काय फुलानंबी जीव द्यायचा का? ठमाबाई म्हणायची, डोक्यावर एक फूल असलं की मोजताना ते मधी मधी येतं. तिचं सगळं बोलणं असंच, मोजणीच्या कडेकडेनं जाणारं. नवरा लवकर गेला, शेतजमीन नव्हती, एकुलती लेक इंदापूरच्या बाजूला दिलेली. गावात तिला मान होता तो एवढाच, की ठमाबाईनं मोजलं म्हणजे मोजलं.

महिपतरावांचा मुलगा अविराज पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. दोन वर्षांखाली ती नोकरी सोडून तो माघारी आला. का आला ते त्यानं नीट सांगितलं नाही, आणि बापानं ते ओळखून त्याला विचारलंही नाही, फक्त बाजारातून परत आलेल्या पेटीकडं बघावं तसं त्याच्याकडं बघायला लागले. अविराजला गावात बोलायला माणूस नव्हतं. लहानपणी ठमाबाईनं त्याला कडेवर घेऊन सगळं रान हिंडवलेलं, त्यामुळं तो शेडमध्ये येऊन तिच्यापाशी बसायला लागला. बसल्या बसल्या तिची मोजणी ऐकायला लागला, आणि एक दिवस लॅपटॉप घेऊनच आला.

त्यानं तिला समजावलं ते असं, की आजी, तू करतीस ते मशीनला सांगता येतं. एक आकडा घ्यायचा, विसानं भागायचं, उरलं ते सुटं. जो भाग आला त्याला पुन्हा विसानं भागायचं, उरल्या त्या गड्ड्या. मागं राहिल्या त्या पेट्या. सगळं जग दहाच्या पायावर आकडे लिहितं, मशीन आतल्या आत दोनाच्या पायावर लिहितं, तू विसाच्या. ठमाबाईनं ऐकून घेतलं नि म्हणाली, "म्हंजी मशीनबी येडंच हाय म्हण की माज्यावानी."

तीनचार ओळींचा तो प्रोग्रॅम, पण महिनाभर दोघं त्याच्या मागं होते. पहिल्यांदा त्यानं आकडा उलटा छापला, आधी सुटी, मग गड्ड्या, शेवटी पेट्या, कारण उरलेलं जसं हातात येत गेलं तसं त्यानं छापत नेलं. ठमाबाई म्हणाली, शेपटाकडनं म्हैस कोण ओळखतं? ते सरळ झालं. मग अडलं ते दहाच्या पुढं. गड्ड्या चौदा असल्या तर एका घरात दोन आकडे बसवायचे कसे? इंग्रजीत अशा वेळी ए, बी, सी लावतात. ठमाबाईला तर साधे आकडेही त्यानंच एक ते नऊ नि पूज्य असे शिकवलेले. मग त्यानं मराठी अक्षरं घेतली. दहाला क, अकराला ख, असं करत एकोणिसाला ठ. ङ आणि ञ वगळले. वयाच्या तीन ईस वर्षांनंतर ठमाबाई दहा अक्षरं शिकली. टेबलावर मशेरीच्या बोटानं गिरवायची. तीन पेट्या, चौदा गड्ड्या, सुटी सात म्हणजे ३च७. हे तिला एकदा वाचता आलं आणि ती शेडमधल्या प्रत्येक बाईला बोलावून वाचून दाखवायला लागली. बायांना त्यातलं ओ का ठो कळेना. जगात ती चिठ्ठी वाचता येणारी माणसं दोनच होती, एक ठमाबाई, एक अविराज.

एसटीच्या कंडक्टरकडं असतं तसलं छोटं छपाईचं मशीन अविराजनं आणलं. ठमाबाई तोंडानं सांगणार, तो लॅपटॉपात भरणार, आणि दोन चिठ्ठ्या निघणार. एक साध्या आकड्यात, ती पेटीवर चिकटून पुण्याला जायची. दुसरी ठमाबाईच्या आकड्यात, ती तिच्या टेबलावरच्या तारेला टोचून राहायची. आकडे साठवून ठेवायचं काम त्यानं अजून केलं नव्हतं. छापलं की मशीन विसरलं, आणि चिठ्ठ्या निघायला लागल्यावर महिपतरावांची वहीही सुटली होती. महिपतरावांनी हे सगळं दारात उभं राहून बघितलं. ते अविराजला म्हणाले की बारा वर्षं म्हातारीच्या तोंडावर धंदा चाललाय, एक फूल इकडंतिकडं झालेलं नाही. तुझ्या ह्या डबड्यानं एकदा जरी घोळ घातला तर उचलून कऱ्हेच्या पाण्यात टाकीन. अविराजनं मान हलवली. बापानं निदान बघितलं, एवढ्यावरच तो खूश होता. पुढच्या महिन्यात बारामतीत शेतीचं प्रदर्शन होतं, तिथं लोक त्याचं काम बघायला येणार होते.

घोळ झाला तो लग्नसराईत, एका मंगळवारी.

प्रोग्रॅममध्ये वरच्या बाजूला एक ओळ होती, पुण्याची चिठ्ठी कितीच्या पायावर छापायची ते सांगणारी. तिथं दहा असायचे. प्रदर्शनाला दाखवायला नमुन्याच्या चिठ्ठ्या हव्यात म्हणून अविराजनं सकाळी तिथं वीस घातले आणि दहा पुन्हा घालायला विसरला. दुपारी ठमाबाईनं मोजून सांगितलं, "दोन पेट्या, पाच गड्ड्या, सुटं न्हाय." फुलं झाली नऊशे. दोन्ही चिठ्ठ्या तिच्या आकड्यात निघाल्या. दोन, पाच, पूज्य. टेम्पो गेला.

एखादं अक्षर त्यात असतं तर पुण्याच्या माणसानं फोन करून विचारलं असतं की हे काय लिहिलंय. पण त्या दिवशी एकही घर नवाच्या पुढं गेलं नव्हतं. चिठ्ठीवर दिसत होतं २५०. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, व्यापाऱ्याच्या माणसानं चिठ्ठीवरून अडीचशे लिहून घेतले आणि आलेला माल वीसपंचवीस शेतकऱ्यांच्या मालात मिसळून तासाभरात विकून टाकला. संध्याकाळी अविराजला ती ओळ दिसली. त्यानं दहा परत घातले आणि लॅपटॉप मिटला. फोन आला तर सांगू, असं त्यानं ठरवलं. फोन आला नाही.

चार दिवसांनी व्यापाऱ्याची पट्टी आली, म्हणजे कुठल्या दिवशी किती माल पोचला त्याचा कागद. मंगळवारपुढं अडीचशेच बघून महिपतरावांनी फोन लावला. व्यापाऱ्यानं चिठ्ठीचा फोटो पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेडमध्ये आले तेव्हा बाया नुकत्याच जमल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही. सारजाला विचारलं की मंगळवारी तोडणी किती झाली? ती म्हणाली तीस बादल्या, आणि बादलीत तीस फुलं, ते तर ठरलेलंच. मग त्यांनी ठमाबाईला विचारलं. पाच दिवस होऊनही तिनं लगेच सांगितलं, कारण सुटं एकही उरलं नाही असा दिवस क्वचितच यायचा. महिपतराव म्हणाले, तिकडं अडीचशेच पोचलीत.

मागून एक बाई दुसरीला हळूच म्हणाली की मंगळवारीच सांजच्याला भिगवणला हिच्या भाचीचं लगीन होतं की, आणि नवरीची गाडी गुलाबानं मढवली होती. त्या गाडीपाशी उभ्या असलेल्या ठमाबाईचा फोटो कुणाच्या तरी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला दोन दिवस होता. तो सगळ्यांनी बघितलेला. हळूच म्हटलेलं ते सगळ्या शेडला ऐकू गेलं.

ठमाबाईनं महिपतरावांच्या हातातला फोन मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला, आणि तिचा चेहरा मोकळा झाला. ती म्हणाली, ही तर माझी चिठ्ठी हाय, माझ्यातली. दोन पेट्या, पाच गड्ड्या, पूज्य. मग तारेवरच्या चिठ्ठ्या उपसून मंगळवारची काढली. तीही तशीच, २५०. दोन्ही शेजारी धरून तिनं सगळ्यांना दाखवल्या, की बघा, त्या दिवशी दोन्हीबी माझ्यातल्याच निघाल्यात. मी अडीचशे मोजली असती तर बारा गड्ड्या नि सुटी दहा झाली असती, माझ्या चिठ्ठीवर ग नि क आलं असतं. हितं कुठं हाय ग नि क?

महिपतराव म्हणाले, मला ते गमभन शिकवू नका. हितं अडीचशे दिसतंय.

मग ती अविराजकडं वळली. तो लॅपटॉपच्या टेबलापाशी उभा होता. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. एवढा वेळ ती बायांना समजावत होती ती नुसती पद्धत म्हणून. वाचणारा माणूस समोरच उभा आहे हे तिला ठाऊक होतं. तिनं चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

"अवी, तू वाच. आपल्यातलं वाच."

अविराजनं चिठ्ठी बघितली. बापाकडं बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"अडीचशे," तो म्हणाला.

ठमाबाईला वाटलं त्याला नीट दिसलं नाही. तिनं बोट ठेवून दाखवलं, दोनावर, पाचावर. तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "त्या दिवशी दोन्ही चिठ्ठ्या साध्या आकड्यात निघाल्या होत्या, आजी."

छापलेला आकडा स्वतः काही सांगत नाही की मला कितीच्या पायावर वाचा. ते छापणाऱ्यालाच ठाऊक. ठमाबाईनं चिठ्ठी परत घेतली, लुगड्याच्या पदरात ठेवली. शिव्यांचा तिला कधी तोटा नव्हता, त्या वेळी एकही तोंडाला आली नाही.

महिपतराव समजूतदार माणूस. त्यांनी चोरी हा शब्द काढला नाही. म्हणाले, बारा वर्षं इमानानं केलंय, घरच्या लग्नात होतं असं कधी कधी, आपण सोडून दिलं. उद्यापासून ठमाबाईनं तोडणीला जावं, मोजणीचं बघू.

"सोडून नगा देऊ, आबा," ठमाबाई म्हणाली. "मोजा."

"आता काय मोजू? पाच दिसांखाली इकून गेली फुलं."

ती उठली आणि घरी गेली. तोडणीला गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अविराज तिच्या घरी आला. ती ओट्यावर बसली होती. त्यानं सगळं सांगितलं, ती ओळ, ते वीस, विसरणं, संध्याकाळी परत घातलेले दहा. त्याचं संपल्यावर तिनं विचारलं की मग काल आबाच्या म्होरं का न्हाय बोललास? तो म्हणाला, आजी, आठ दिवसांनी प्रदर्शन आहे. आत्ता बोललो तर आबा मशीन खरंच नदीत टाकतील, आणि माझ्या हातात पुन्हा काही राहणार नाही. आठ दिवस दम धर. प्रदर्शन झालं की मी स्वतः सगळ्या बायांपुढं सांगतो.

"आन आठ दिस मी काय ऱ्हाऊ?"

तो म्हणाला तुला कुणी चोर म्हटलं नाही, आबांनी तर माफ केलं.

"तेच तर म्हणते मी," ठमाबाई म्हणाली.

तरी तिनं त्याला आठ दिवस दिले. हे तिचं नवल मला आजही वाटतं. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर गल्लीत उभी राहून त्याच्या नावानं बोंब ठोकली असती, आणि ठमाबाईला ते कुणाहीपेक्षा चांगलं जमलं असतं. पण तिनं त्याला कडेवर घेतलेलं होतं. शेजारपाजारच्या बाया पाण्याला जाताना तिच्या ओट्यासमोर आल्या की बोलणं थांबवायच्या आणि पुढं गेल्या की सुरू करायच्या. ते ऐकत ती आठ दिवस घरात बसून राहिली.

प्रदर्शन झालं. सारजा बारामतीला जाऊन आली, आणि तिला राहवलं नाही म्हणून सांगायला आली. अविराजच्या टेबलापुढं ही गर्दी. कुणीतरी मोठ्या माणसानं त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि महिपतराव शेजारीच छाती काढून उभे. प्रोग्रॅमचं नाव त्यानं 'ईस' ठेवलंय. मागं मोठा बोर्ड लावलाय, त्यावर गुलाब मोजणाऱ्या हातांचा फोटो.

"तुझंच हात हायती, ठमाक्का. बोटाला मशेरी लागलेली सुदीक दिसती," सारजा म्हणाली. "नुसतं हात. तोंड न्हाय घेतलं."

ठमाबाईनं विचारलं की माझ्याबद्दल काही बोलला का? सारजा म्हणाली, बोलला की. गावात एक अडाणी म्हातारी होती, ती असं मोजायची, पण माणूस म्हटलं की चूक होते, मशीनची होत नाही, असं लोकांना सांगत होता.

नववा दिवस गेला, दहावा गेला. अकराव्या दिवशी ठमाबाई स्वतः उठून पॉलिहाऊसवर गेली. दाराजवळच्या स्टुलावर गावातली कुणाची तरी नवी सून बसलेली, तिच्यापुढं मशीन. अविराज वाटेतच उभा होता. त्यानं ठमाबाईला येताना बघितलं आणि फोन कानाला लावला. फोन वाजलेला नव्हता. तो बोलत बोलत पॉलिहाऊसच्या आत गेला, आणि आत लांबपर्यंत गुलाबांच्या ओळींतून चालत गेला. नव्या सुनेनं विचारलं की आजी, कुणाकडं आलाय? बाकीच्या बाया खाली बघून फुलं लावत होत्या. ती माघारी फिरली.

आठवड्यानं तिनं घराला कुलूप घातलं आणि इंदापूरकडं लेकीपाशी गेली. लेकीच्या गावात पेरूच्या बागा. बागेतल्या मोठ्या झाडाखाली बाया बसतात, एकेक पेरू फोमच्या जाळीत घालून क्रेटमध्ये लावतात, संध्याकाळी टेम्पो येतो. बागेचा मालक दत्तोबा म्हणून पोक्त माणूस आहे. पहिल्या दिवशी त्यानं ठमाबाईचे हात बघितले, तिची लावणी बघितली आणि ओळखलं की ही बाई नवखी नाही. म्हणाला, आजी, आमच्याकडं मोजणीला धड माणूस नाही. तुमाला मोजता येतं का?

"न्हाय येत," ठमाबाई म्हणाली.

म्हणून मोजायला एक कोवळी पोरगी उभी असते. परवा टेम्पो भरताना ती मोठ्यानं क्रेट मोजत होती. अकरा, बारा, तेरा, पंधरा. ठमाबाईचा हात जाळीत अर्धा गेलेला पेरू धरून थांबला. पोरगी सोळा म्हणाली, सतरा म्हणाली. ठमाबाईनं पेरू जाळीत ढकलला, क्रेटमध्ये ठेवला आणि पुढचा उचलला.